प्रवासाचे शास्त्र आणि न मोजलेली पायपीट

शहरी वाहतुकीचे संशोधन हा विषय आपल्या नियतकालिकांत सहसा येत नाही. कथा, कविता, आत्मकथन, इतिहास, धर्मचिकित्सा यांवर आपण हिरिरीने भांडतो. रस्ते, गाड्या आणि प्रवासी यांचा अभ्यास मात्र अभियंत्यांचा प्रांत आहे, तो आकड्यांचा आहे आणि म्हणून तटस्थ आहे, असे आपण मानून चाललो आहोत. मला हे मान्य नाही. कोणतेही शास्त्र मोजायला बसते तेव्हा काय मोजायचे आणि काय सोडायचे हे आधी ठरवून बसते. आणि हे ठरवणारा माणूस कोणत्या ना कोणत्या आळीत वाढलेला असतो. कादंबरीला आपण विचारतो, तुझा नायक कोण? तोच प्रश्न या संशोधनाला विचारून पाहावा, असे मला वाटते.

मी शेगावात महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. ‘ग्राहकाची निवड’ हे प्रकरण शिकवताना प्रवाशाच्या निवडीचे उदाहरण येते, आणि अलीकडे विद्यार्थी प्रकल्पासाठी ‘स्मार्ट वाहतूक’, ‘एकमेकींशी बोलणाऱ्या गाड्या’ असले विषय घेऊन येतात. त्या निमित्ताने हे वाङ्मय वाचावे लागले. शेगाव हे गावच प्रवासावर जगणारे आहे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे स्थानक, गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारी रीघ, सभोवती कापूस-सोयाबीनची काळी जमीन, आणि पहाटेपासून गावाच्या आत-बाहेर होणारी मजुरांची ये-जा. तेव्हा हा विषय परका समजण्याचे कारण नाही.

या शास्त्राचा आजचा साचा अमेरिकेत, १९५०च्या दशकात शिकागोसारख्या शहरांच्या अभ्यासातून घडला. घरोघर जाऊन विचारायचे : काल तुम्ही कोठून कोठे, कशासाठी, कशाने गेलात? मग चार पायऱ्या. किती फेऱ्या निघतील, त्या कोठे जातील, कोणत्या साधनाने जातील, कोणत्या रस्त्याने जातील. यातले एकक म्हणजे ‘ट्रिप’, फेरी. फेरीला एक सुरुवात हवी, एक शेवट हवा, एक हेतू हवा. नमुना म्हणून जो माणूस डोळ्यांपुढे आहे तो सकाळी घरून निघून कचेरीत जाणारा आणि संध्याकाळी परत येणारा पगारदार पुरुष आहे. हा या संशोधनाचा नायक. तो मोटारीने जाईल की बसने, एवढाच त्याच्या आयुष्यातला पेच!

पुढे डॅनियल मॅकफॅडन यांनी या पेचाचे गणित मांडले आणि त्यासाठी २००० साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कामाची मी टवाळी करत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९७०च्या दशकात नवी जलद रेल्वे होत होती. तेथील अधिकृत अंदाज असा की शंभरातील पंधरा प्रवासी तिच्याकडे वळतील. मॅकफॅडन यांचे गणित म्हणाले ६.३, प्रत्यक्षात निघाले ६.२. ज्या शास्त्राचे भाकीत असे खरे ठरते त्याला नुसता नकार देऊन भागत नाही. त्याचा पायाच तपासावा लागतो. हा पाया असा : माणसापुढे पर्याय असतात, प्रत्येक पर्यायाचा खर्च आणि वेळ असतो, आणि माणूस त्यांतून निवड करतो.

या सिद्धान्तातला एक दोष दाखवण्यासाठी पाठ्यपुस्तकांत लाल बस आणि निळी बस यांचे उदाहरण देतात. निम्मे लोक मोटारीने जातात, निम्मे लाल बसने. आता त्याच मार्गावर तशीच एक निळी बस सोडली, फरक फक्त रंगाचा, तर गणित सांगते की तिन्हींना सारखे, एकतृतीयांश प्रवासी मिळतील. हे उघडच खोटे. कारण प्रवाशाच्या दृष्टीने लाल आणि निळी एकच. मोटारवाला बसचा रंग पाहून मोटार सोडणार नाही.

हे उदाहरण मी वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरच्या मुली हसू लागल्या. कारण आमच्याकडे लाल आणि निळी या दोन्ही बस खरोखरच आहेत. लाल ती एस.टी. निळी ती मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींसाठी सोडलेली. आणि या दोन्ही एक नाहीत. ज्या मुलीला तिचा बाप लाल बसने तालुक्याला पाठवत नव्हता, तिला त्याने निळ्या बसने पाठवले, कारण निळीत सगळ्या मुलीच असतात आणि ती शाळेच्या वेळेला येते. म्हणजे पुस्तकात ज्या फरकाला काडीचा अर्थ नाही, त्या फरकावर येथे एका पोरीची दहावी ठरते. (आमच्या लोकांना निळ्या रंगाचे वेगळे अप्रूप आहे, ही गोष्ट निराळी.) पुस्तक चूक नाही, पुस्तकातला प्रवासी दुसरा आहे.

या शास्त्रात आणखी एक शब्द आहे. ज्यांच्याकडे मोटार नाही, बसखेरीज गत्यंतर नाही, त्यांना ते ‘कॅप्टिव्ह’ म्हणजे बंदिवान प्रवासी म्हणतात. आणि ज्यांच्याकडे मोटार असूनही जे बसने येऊ शकतात ते ‘निवड करणारे’ प्रवासी. शब्द किती प्रामाणिक आहे पाहा. पण एकदा बंदिवान म्हटले की त्याच्याविषयीचे कुतूहल संपते. तो कोठे जाणार? येईलच झक मारून. सारी बुद्धी, सारा पैसा त्या दुसऱ्याला मोटारीतून उतरवण्यात खर्ची पडतो. बंदिवानाला बंदी कोणी केले हा प्रश्न या शास्त्राच्या कक्षेत येत नाही. तो आपल्या वाङ्मयाच्या कक्षेत येतो, आणि म्हणूनच हे दोन्ही शेजारी ठेवून वाचले पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लिखाणात आपले प्रवास सांगितले आहेत. १९०१ साली ते आणि घरातली मुले साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्थानकावर उतरली. अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे, स्थानकाबाहेर बैलगाड्या उभ्या. वाहतुकीच्या गणिताने येथे एकच उत्तर यावे : गाडी मिळणार. जात कळली आणि एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, गाडी पोरांनी हाकायची आणि मालकाने बाजूने चालायचे, या अटीवर. १९२९ साली चाळीसगावला, म्हणजे शेगावच्याच लोहमार्गावर, बाबासाहेब परदेशात उच्च शिक्षण घेऊन आलेले बॅरिस्टर म्हणून उतरले, तेव्हाही टांगेवाल्यांनी टांगा हाकायला नकार दिला. महारवाड्यातल्या माणसाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. टांगा उलटला आणि बाबासाहेबांना दुखापत झाली.

हे प्रसंग आपण अपमानाची कहाणी म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण मला येथे आणखी एक गोष्ट दिसते. मसूरचे दुप्पट भाडे हा एक आकडा आहे. प्रवासाच्या खर्चात जातीचा वाटा किती, हे त्यातून थेट मोजता येते. ज्या शास्त्राला दोन मिनिटांच्या उशिराची किंमत काढता येते, त्याला ही किंमत काढता आली असती. साधन आहे, पैसे आहेत, आणि तरी गाडी मिळत नाही, या अवस्थेसाठी त्याच्याजवळ रकाना नाही. रकाना नाही, कारण रकाना आखणाऱ्याला कधी कोणी गाडीतून खाली उतरवले नव्हते.

एस.टी.ने यात मोठा फरक घडवला हे कबूल केले पाहिजे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. वाहक तिकीट फाडताना जात विचारत नाही, आसनावर कोण बसेल ते गावचा पाटील ठरवत नाही. आमच्या आईच्या पिढीला ही साधी गोष्ट नव्हती. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे झाले. त्याने बाया माहेरी, दवाखान्यात, बाजारात जाऊ लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहते आहे. पण ही सवलत फाट्यापाशी थांबते. कापूस वेचायला जाणारी बाई एस.टी.ने जात नाही, कारण वावरापर्यंत एस.टी. जात नाही. पहाटे सहाला मुकादमाचा ऑटो येतो, तीन-चार जणींच्या जागेत दहा-बारा जणी कोंबल्या जातात, भाडे मजुरीतून कापले जाते, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत ऑटो फसला की उरलेले अंतर चिखलातून पायी. परत येताना डोक्यावर सरपणाचा भारा. ही एक फेरी की तीन? हेतू काय लिहायचा, काम की इंधन?

लिहायचा प्रश्नच आला नाही, कारण तिला कोणी विचारलेच नाही. हा माझा मुख्य आक्षेप आहे आणि तो आकड्यांनिशी मांडते. २०११च्या जनगणनेत कामावर जाण्याचे अंतर आणि साधन यांविषयी प्रश्न विचारला गेला. संशोधकांना मोठा आनंद झाला. त्या तक्त्यांवर पुढे पुष्कळ लेख लिहिले गेले. भारतातली इतकी माणसे पायी कामाला जातात, इतकी सायकलने, इतकी बसने. पण हा प्रश्न फक्त ‘इतर कामगार’ या वर्गाला होता. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले कामगार वगळले होते. त्या वर्षी देशात एकूण कामकरी ४८ कोटींच्या आसपास. त्यांत शेतकरी सुमारे ११ कोटी ८८ लाख, शेतमजूर सुमारे १४ कोटी ४३ लाख, घरगुती उद्योगातले १ कोटी ८३ लाख. म्हणजे शंभरातील अठ्ठावन्न माणसांचा प्रवास हा प्रवासच नव्हे, असे ठरले! आणि अनुसूचित जातींच्या कामकऱ्यांत शंभरातील सुमारे ४६ शेतमजूर होते. जात न विचारताही जातीनुसार गाळणी कशी लागते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

यावर कोणी म्हणेल, शेतमजूर गावातच राहतो, गावातच राबतो, त्याला कसला आला प्रवास? असे म्हणणाऱ्याने सुगीच्या दिवसांत शेगाव-खामगाव रस्त्यावर पहाटे उभे राहून पाहावे. शहरातल्या वस्त्यांतून खेड्यांकडे निघालेल्या गाड्या दिसतील. शहर म्हणजे खेड्याला बोलावणारी जागा, हे चित्र येथे उलटे होते.

वेळेच्या किमतीचे प्रकरण याहून कठोर आहे. नवा रस्ता बांधावा की नाही हे ठरवताना वाचलेल्या तासांचे पैसे मोजतात. आपल्याकडील रस्ते-प्रकल्पांच्या आर्थिक मूल्यमापनात मोटारीतल्या माणसाच्या तासाची किंमत बसमधल्या माणसाच्या तासापेक्षा जास्त धरण्याची रीत आहे, कारण त्याची मिळकत जास्त. हिशेबाच्या दृष्टीने हे निर्दोष वाटते. परिणाम मात्र असा की ज्याची मजुरी आधीच मारली गेली आहे त्याचा वेळही स्वस्त, आणि ज्याचा वेळ स्वस्त त्याच्यासाठी रस्ता परवडत नाही. अन्यायाचे व्याज अन्याय झालेल्याकडूनच वसूल करण्याची ही पद्धत आपल्याला नवी नाही.

वाहतूक कोणासाठी उभी राहिली याचा इतिहास आमच्या दाराशीच आहे. शेगावच्या शेजारी जलंब ते खामगाव हा छोटा फाटा १८७० साली सुरू झाला, तो खामगावच्या बाजारातला कापूस बंदराकडे जलद जावा म्हणून. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७१ला, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. सुरुवातीला उत्तरेत, पुढे १९११च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही. त्या कायद्याखाली आलेल्या भटक्यांना हजेरी लागली, वस्तीबाहेर जायला परवाना लागला. कापसाच्या गाठीची वाट मोकळी होत गेली आणि माणसांचे फिरणे गुन्हा ठरत गेले. १९५२ साली हा कायदा गेला. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव हिंडणारे कैकाडी कुटुंब आहे. संशोधनाच्या व्याख्येत फेरी घरापासून सुरू होते. ज्याचे घरच चालते आहे त्याची फेरी कोठून सुरू करायची? शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) एस.टी. स्टँड हेच राहण्याचे ठिकाण होते. प्रवासशास्त्रात स्टँड ही साधन बदलण्याची जागा. येथे कोणाचे तरी बालपण तेथे गेले. आपल्या समीक्षकांवरही माझा राग आहे. ही आत्मकथने आली तेव्हा आपण वेदना, विद्रोह, नकार यांच्या चर्चा केल्या. त्यांत अंतरे आहेत, भाडी आहेत, वाटा आहेत, कोणत्या वाटेने जायचे नाही याचे नियम आहेत, हे कोणी टिपून काढले नाही. दुःख म्हणून वाचले, ज्ञान म्हणून वाचायचे राहिले.

आता एकमेकींशी बोलणाऱ्या गाड्यांविषयी. कल्पना अशी की प्रत्येक गाडी आपली जागा, वेग, दिशा आसपासच्या गाड्यांना सेकंदाला दहा वेळा कळवील, म्हणजे टक्कर टळेल. अमेरिकेत ॲन आर्बर येथे २०१२-१३ मध्ये सुमारे २,८०० गाड्यांवर याचा मोठा प्रयोग झाला. पुढे न्यूयॉर्क, टँपा आणि वायोमिंगमध्ये झाले. आपल्याकडे याचे प्राथमिक रूप आहे : १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या प्रवासी वाहनांना ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि संकटात दाबायचे बटण सक्तीचे झाले. या नियमातून तीनचाकी वाहने वगळली आहेत. म्हणजे मजूर बायांचा ऑटो येथेही सुटला.

निरोपाचे हे कौतुक ऐकताना मला हसू येते. पिढ्यान्‌पिढ्या गावाचे निरोप कोणी नेले? मयताची वार्ता, सरकारी टपाल, खजिना, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे ही महाराची वतनी कामे होती. शंकरराव खरातांच्या आत्मचरित्राचे नावच ‘तराळ अंतराळ’. तराळ, म्हणजे निरोप्या. गावाला गाव जोडणारे यंत्र आमचा माणूस होता. चार्जिंगला शिळी भाकर. आज यंत्राला यंत्र बोलेल आणि तो रस्त्याच्या कडेला उभा असेल.

कडेला उभ्या असलेल्याचे काय, हा प्रश्न संशोधकांनाही पडला आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्यांचे उत्तर : पादचाऱ्याच्या हातातला फोन गाडीशी बोलेल. कोणाच्या हातातला? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा फोन असलेल्या स्त्रिया शंभरात ५४ निघाल्या. उरलेल्या ४६ जणी गाडीच्या दृष्टीने अस्तित्वातच नाहीत. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. दुचाकीला, ऑटोला त्यावर मज्जाव आहे. १ जुलै २०२३च्या रात्री सिंदखेडराजा तालुक्यात त्याच मार्गावर खासगी बस पेटून २५ माणसे गेली. तेव्हा गाड्यांना शहाणे करायला माझा विरोध नाही. फाट्यावर दोन तास ताटकळणाऱ्या मुलीला बस रद्द झाल्याचे कळले तर या यंत्राला मी मनापासून चांगले म्हणेन. पण यंत्राची पहिली ओळख फाट्याला होते की महामार्गाला, यात सारे आले.

२०२०च्या टाळेबंदीत फोनच्या ठावठिकाणांवरून लोकांच्या हालचालींचे अहवाल निघत होते. गूगलच्या अहवालात दुकाने, किराणा, उद्याने, स्थानके, कचेऱ्या, घरे असे रकाने होते. ८ मे २०२०च्या पहाटे करमाडजवळ, जालन्याहून भुसावळकडे लोहमार्गाने पायी निघालेले, थकून रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. त्यांतले बहुतेक मध्य प्रदेशातले आदिवासी. रुळांवरून चालणे या प्रवासासाठी रकाना नव्हता. आमच्या शेगावातून दरवर्षी पालखी पंढरपूरला पायी जाते. वाटेत पाणी, मुक्काम, औषध सगळ्याची तजवीज होते, आणि व्हावी. चालणाऱ्या माणसाची सोय करता येत नाही असे मग कोणी म्हणू नये.

चळवळीतले एक मित्र मला म्हणाले, अत्याचार, आरक्षण, नोकऱ्या हे प्रश्न पेटलेले असताना गाड्या-रस्त्यांचे काय घेऊन बसलात? मी त्यांना एवढेच विचारले की विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके दुपारी असतात आणि गावाची शेवटची गाडी त्याआधी सुटते, तेव्हा मुलगी कोणती शाखा घेते? गुणपत्रिकेवर हे कोठेही उमटत नाही. कलाशाखेतल्या माझ्या वर्गात अशा मुली दरवर्षी असतात.

येती जनगणना १ मार्च २०२७च्या संदर्भदिनाने व्हायची आहे आणि तीत जातीची गणना होणार आहे. त्या निमित्ताने दोन मागण्या आपल्या संघटनांनी आताच लावून धरल्या पाहिजेत. प्रवासाचा प्रश्न शेतमजुराला विचारला जावा, आणि त्याचे तक्ते जातवार निघावेत. सरकारने केले नाही तर निदान एका तालुक्यापुरते आपण करू शकतो. विद्यार्थ्यांबरोबर मी प्रश्न काढते आहे : वस्तीपासून थांबा किती पावलांवर, गाडी वस्तीपाशी थांबते की गावात, भाडे कोण कापते, कोणत्या वाटेने जात नाही आणि का. पत्रक घेऊन दुपारी दारोदार जाण्याची नेहमीची पद्धत येथे उपयोगाची नाही. त्या वेळी घरे बंद असतात, नाहीतर म्हातारे आणि लेकरे भेटतात. वेचणीच्या दिवसांत पहाटे सहाच्या आत फाट्यावर उभे राहावे लागेल, आणि ऑटो येण्याआधी जेवढे विचारून होईल तेवढे विचारावे लागेल.